अर्धा कारखाना, विनाअट

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, गणिताची पदवीधर, धंद्याने खेळाच्या हॉलमध्ये लाकडी मैदानं घालणारी, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचं काय व्हावं ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती दोन्ही याच महिन्यातली आहेत आणि दोन्ही एकाच कलमापाशी अडली.

माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं आणि मी थांबेना तेव्हा तेच म्हणाले, "पुरे, बाई, पटलं." मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत आहे का, या प्रश्नापुढे वकीलबाईंनी "नाही" लिहायला सांगितलं होतं. खरं उत्तर असं, की थोरल्या भावाचं दडपण आहे. पण ते जन्मापासून आहे, आणि त्याच्याखाली मी आजवर एकही सही केलेली नाही.

गुरुवारी माझ्या हृदयातली एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, हे आता रोजचं काम आहे. आम्हीही गिऱ्हाइकाला तसंच सांगतो. म्हणून हा कागद.

जे कलम अडलं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. कारखाना अर्धा माझा, अर्धा दादाचा. माझा अर्धा मला माझ्या भाच्याला, म्हणजे दादाच्याच एकुलत्या एका मुलाला द्यायचा आहे. त्याला सगळे शिडी म्हणतात. दादा म्हणतो, द्यायचा तर अट घालून दे: आधी त्याने बापाची माफी मागायची. अट घातली नाहीस तर मी माझा अर्धा विकून मोकळा होईन. शिडी माफी मागणार नाही. आमच्या घरात ती कोणी कधी मागितलेली नाही. त्याने कोणाकडून शिकावी? तेव्हा अट घातली तर मुलगा हातचा जातो आणि न घातली तर कारखाना. अर्ध्या छपराखाली आमची यंत्रं मावत नाहीत.

कलम १. कारखान्यामागचं दोन खोल्यांचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते शिडीला द्यावं. वहिनी गेल्यापासून तो तिथे माझ्याजवळच वाढला. यावर दादाचीही हरकत नाही. त्याचे शब्द असे: "घर दे की. झोपायला त्याला जागा लागतेच."

कलम २. बँकेतल्या पैशांतून आधी हॉस्पिटलचं बिल भागवावं. उरेल ते आमच्या दोन जुन्या कारागिरांना सारखं वाटून द्यावं. त्यातला एक म्हणेल, मला नको. त्याने दोनदा नको म्हटल्यावरही द्यावं. तिसऱ्यांदा तो घेतो.

कलम ३. बाबांची पातळी तपासायची पितळी पाणसळ आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींना द्यावी. वास्तविक त्यांना तिची गरज नाही. ते वाकून नुसतं पाहतात आणि "पट्टी डावीकडे झुकलीय" म्हणतात, आणि पाणसळ लावली की तेच निघतं. तरीही त्यांना द्यावी, कारण बाबा गेल्यानंतर तिची काच रोज पुसणारे ते एकटेच आहेत. माझा गुण्या, टेप आणि मोजमापाचं बाकीचं सामान कारखान्यातच राहू द्यावं.

कलम ४. क्रीडासंकुलाचे सचिव गेली कित्येक वर्षं, मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या हॉलचं माप घेत असताना, मला विचारत आले आहेत, "साहेब कधी येणार?" त्यांना मी माझी उरलेली सर्व व्हिजिटिंग कार्डं सोडते. खोकं कपाटात खालच्या खणात आहे. बरीच आहेत, कारण त्यांनी एकही कधी घेतलं नाही.

कलम ५. रोजनिश्या. त्या कोणी वाचू नयेत असं लिहिणार होते, पण तसं लिहिलं तर पहिल्यांदा त्याच वाचल्या जातील. तेव्हा खुशाल वाचा. पुष्कळशा पानांवर हवा, लाकडातला ओलावा आणि माझं स्वतःशी भांडण एवढंच आहे.

कलम ६. आता कारखाना.

हे कलम समजायला आमचं काम थोडं समजायला हवं. लाकडी मैदान वरून कितीही चकचकीत दिसो, खालची एखादी रीप नीट बसली नसेल किंवा तिच्याखालची रबराची गादी सरकली असेल, तर त्या जागी चेंडू मेल्यासारखा उठतो. तिला आम्ही मुकी जागा म्हणतो. ती डोळ्यांना दिसत नाही आणि पाणसळीला कळत नाही. चेंडू आपटत एकेका पट्टीवरून चालायचं आणि कान द्यायचा, एवढाच तिच्यावर उपाय. मैदान ताब्यात देण्याआधी आमच्याकडे ही टप्प्याची तपासणी व्हायचीच, आणि बाबांनी ती नातवावर सोपवली होती. घरी त्याला ठेवणार कोणाजवळ, म्हणून तो आमच्याबरोबर साइटवर असायचा. त्याच्या कानाला तोड नव्हती. मुकी जागा सापडली की तो ओरडायचा, "आजोबा, इथे!" बाबा त्याला खांद्यावर घेऊन हॉलभर मिरवायचे, कारागीर टाळ्या पिटायचे, आणि मग मी त्याला घरी घेऊन यायचे, कारण सकाळी शाळा असायची. पट्ट्या उचलणं, रीप तासणं, गादी बदलणं, सगळं परत बसवणं, हे तो गेल्यावर व्हायचं. दुसऱ्या दिवशी तो येई तेव्हा मैदान बोलतं झालेलं असे. खोट सापडल्यानंतर पुढे काय करायचं असतं, हे त्याने कधी पाहिलंच नाही. दुसऱ्या कोणाच्या घरात ही चूक झाली नसती. ती व्हायला आमचाच धंदा हवा होता आणि आमचाच कौतुकाचा सोस.

पण त्याच चालण्यातून त्याचा हात तयार झाला. एवढी वर्षं चेंडू न बघता नुसता ऐकून आपटला, तर मान आपोआप वर राहते. उंची त्याची त्याने आणली. कारखान्यात "शिडी आण रे" म्हटलं की हा स्वतःच येऊन उभा राहायचा. महाविद्यालयांच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला मी गेले होते. हॉल आमच्याच हातचा. उत्तरार्धात समोरच्यांनी त्याच्यावर तिघे सोडले. तो पळाला नाही. जागच्या जागी हलकेच टप्पे घेत राहिला, दाराशी कोणीतरी ओळखीचं आल्यासारखं त्याने तिकडे पाहिलं, तिघांनीही पाहिलं, आणि चेंडू तेवढ्यात त्यांच्या पायांमधून एक टप्पा खाऊन रिंगखालच्या गड्याच्या हातात पोचला होता. सगळा हॉल हसला. आनंदाने हसला. खेळात विनोद असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास त्याने जे केलं ते मला लिहिता येणार नाही. मी त्या दिवशी रोजनिशीत तीन पानं लिहिली आणि तीनही फाडली. शेजारच्या माणसाने विचारलं, "कोणाचा हो हा मुलगा?" मी म्हटलं, "आमचा." तो शब्द मी इतक्या मोठ्याने उच्चारला, की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं.

एका व्यावसायिक क्लबचे कोच त्या सामन्याला आले होते. करार आमच्या रंध्याच्या टेबलावर, भुसा झटकून झाला. दादाने त्या दिवशी भर दुपारी यंत्रं बंद केली. बाबांच्या मृत्यूच्या दिवशीही त्याने ती संध्याकाळपर्यंत चालू ठेवली होती.

यानंतरचं मी वाढवून किंवा झाकून लिहिणार नाही. शिडीने ती संधी घालवली. कोणी हिसकावली नाही, दुखापत झाली नाही, राजकारण झालं नाही. तो तिथे जाऊन खोट काढत बसला. कोचच्या सरावात खोट, कप्तानाच्या पासमध्ये खोट, बुटांत, बसमध्ये, सकाळी सहाच्या वेळेत. मुख्य म्हणजे काढलेली प्रत्येक खोट खरी होती. मी नंतर चौकशी केली आहे. क्लबच्या स्वतःच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याआधी त्याने कॅमेऱ्यासमोर चेंडू आपटून दाखवला आणि म्हणाला, "ऐका, इथे मैदान मुकं आहे. आंधळ्यांनी घातलंय." ते मैदान क्लबच्या मालकांच्या मेहुण्याने घातलं होतं. तरी कोच सभ्य माणूस. म्हणाले, "मैदानाचं मी बघतो, तू उद्या सकाळी सहाला ये." हा गेला नाही. त्याच्या मते, आधी पट्ट्या उचलायला हव्या होत्या. मग रुसून झोपणं, उशिरा जाणं, अंगावर चरबी, बेंच. आणि शेवटी एका भरल्या सामन्यात, संघ मागे पडलेला, कोचनी वळून त्याला "ऊठ, आत जा" म्हटलं, तर हा बसूनच म्हणाला, "आत्ता आठवण झाली?" आणि उठला नाही. हे सगळ्यांनी पाहिलं. टीव्हीवर दादानेही पाहिलं. करार तिथेच संपला. दुसऱ्या एका क्लबने विचारलं होतं. त्यांना याने सांगितलं, पहिल्या मिनिटापासून खेळवणार असाल तर येतो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

कोचनी मला फोन केला होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणाले, "बाई, तुमच्या मुलाला दिसतं ते माझ्या निम्म्या संघाला दिसत नाही. पण त्याला वाटतं, दिसलं की काम झालं." मी त्यांना "मुलगा नव्हे, भाचा" अशी दुरुस्ती केली नाही.

तो परत आला तेव्हा दादा दारात उभा होता. म्हणाला, "माझ्या नावाची माती केलीस." शिडी म्हणाला, "नाव तुमचं असेल, खेळ माझा होता." तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे. दोघे एकाच छपराखाली काम करतात आणि बोलतात माझ्यामार्फत. "तुझ्या भाच्याला सांग, रंधा जागेवर ठेव." "आत्या, तुझ्या भावाला सांग, ठेवलाय." दोघांमध्ये जेमतेम एक टेबल असतं. गुरुवारनंतर हे काम कोण करणार, असं मिस्त्रींनी मला परवा काळजीने विचारलं. माझ्या झडपेची चौकशी त्यानंतर केली.

आता माझ्याकडून एवढा पक्षपात होत असताना शिडीच्या विरुद्धचे मुद्दे मीच मांडायला हवेत. पट्टी बसवण्यात तो मध्यम आहे. सोमवारी उशिरा येतो. गिऱ्हाइकाशी वाद घालतो आणि वाद जिंकतो, जे धंद्याला फार वाईट. हातात आलेलं त्याने एकदा घालवलं आहे, आणि कारखाना घालवणार नाही याची हमी मला देता येत नाही. वकीलबाईंनी मधला मार्ग काढला: "पाच वर्षं टिकला तर त्याचा, अशी अट घाला." मी तो मसुदाही करून पाहिला. पण अट दिसली की शिडी पहिल्या दिवशी तिच्यातली खोट काढेल, आणि खोट खरी असेल. शिवाय ज्याला टिकायची अट घालावी लागते त्याला आपण जाणारा समजलो आहोत, हे तो वाचेलच. त्याचा कान मी सांगितलाच आहे.

त्याच्या बाजूचा मुद्दा एकच आहे, तोही मोठा नाही. यंदा आम्ही एका शाळेचा हॉल केला. शेवटच्या तपासणीला शिडी चेंडू आपटत चालला होता. कोपऱ्याजवळ थांबला.

"आत्या, इथे मुकी आहे."

दादा तिथेच खोकी बांधत होता. मला म्हणाला, "तुझ्या भाच्याला सांग, सापडलीय तर उचल म्हणावं."

शिडीने चेंडू काखेत धरला. मला वाटलं, आता चेंडू ठेवून बाहेर जाणार. मग म्हणाला, "आत्या, तुझ्या भावाला विचार, पटाशी कुठली घेऊ."

"त्याला सांग, रुंद."

"आत्या, रुंदीने कड फुटेल."

"हात हलका ठेवला तर फुटत नाही म्हणावं."

कड फुटली. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, जशी काही मीच फोडली.

त्याने पट्ट्या उचलल्या, गादी बदलली, परत बसवल्या. चेंडू आपटला. मी म्हटलं, छान झालं. तो म्हणाला, "नाही आत्या, अजून मुकीच आहे." आणि स्वतः बसवलेल्या पट्ट्या त्याने स्वतः पुन्हा उचलल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चेंडू उठला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि त्याला आता खांद्यावर घेणार कोण, डोकं छताला लागेल. दादा हवेकडे बघून म्हणाला, "झालं एकदाचं," आणि पटाश्या पुसायला लागला. त्याने स्वतःची पुसली, मग शिडीचीही पुसली.

मला त्या सामन्याचा जास्त अभिमान आहे की या तीन दिवसांचा? शोभेल असं उत्तर तीन दिवसांचा हे आहे. मी ते लिहून खोडलं. मला सामन्याचाच जास्त आहे. पण कारखाना मी तीन दिवसांच्या भरवशावर देते आहे. अभिमानापोटी मालमत्ता देऊ नये एवढा हिशेब मला कळतो.

म्हणून: कारखान्यातला माझा संपूर्ण अर्धा हिस्सा, यंत्रं, लाकूड, नाव आणि घेतलेली कामं यांसह, माझ्या भाच्याला विनाअट द्यावा. माफीची अट नाही, वर्षांची अट नाही, वेळेवर उठण्याची अट नाही. त्याने तो चालवावा अशी माझी इच्छा आहे. इच्छा आणि अट यांतला फरक वकीलबाईंना माहीत आहे. दादाला मी समजावला आहे.

कलम ७. मृत्युपत्रात आपल्या मालकीचं नसलेलं कोणाला देता येत नाही, म्हणून जे माझ्या मालकीचं नाही ते नोंदवून ठेवते. शिडीचा खेळ माझा नव्हता. दादाचाही नव्हता. साइटवर त्याला आम्ही नेलं, चेंडू आम्ही दिला, त्यामुळे आम्हाला वाटायला लागलं की त्यात आमचा वाटा आहे आणि त्याने तो आम्हाला न विचारता उधळला. मी कागदपत्रं पाहिली, मनाशी पुष्कळ वाद घातला. असा कुठलाही वाटा मला सापडला नाही. ज्याचा होता त्याने उधळला. वाईट वाटायचा हक्क आम्हाला आहे, हिशेब मागायचा नाही. मला त्या खेळातून जे मिळायचं होतं ते त्या एका दुपारी पूर्ण मिळालं. त्या दुपारी त्या मैदानावर त्याच्या तोडीचा कोणी नव्हता आणि मी तिथे हजर होते, हे मी इथे शपथेवर सांगते. ज्यांना त्याचं नाव फक्त बेंचवर बसून राहिलेला मुलगा म्हणून ठाऊक आहे, त्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल, की या कागदात माझ्या सख्ख्या भावाच्या नावाने एकही कलम नाही. ते भांडण समजू नये. कालच्या मसुद्यात होतं: माझी गाडी आणि बाबांचे रंधे. दादा संध्याकाळी कारखान्याच्या माळ्यावर माझ्याकडे आला आणि त्याने उभ्याउभ्या सगळं वाचलं. सातवं कलम त्याने दोनदा वाचलं, की एकदाच फार सावकाश वाचलं, ते मला सांगता येणार नाही.

"विनाअट?" तो म्हणाला.

"विनाअट."

"पस्तावशील."

"गुरुवार नीट पार पडला तर पस्तावायला वेळ आहे."

तो हसला नाही. म्हणाला, "साक्षीदार कोण?"

मी म्हटलं, एक शेजारच्या शिक्षिका. दुसरे मिस्त्री होते, पण त्यांना पाणसळ दिली आहे, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणतात. दुसरं कोणी शोधायला हवं.

तो खिडकीपाशी गेला आणि खाली यंत्रांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या नावाचं जे लिहिलंयस ते काढ."

"का?"

"काढ म्हटलं ना. फुकटचं मी कधी घेतलंय? सही येते मला."

मी विचारलं, "आणि तुझा अर्धा?"

"अर्धा कारखाना विकत घेतो कोण? गिऱ्हाईक तर हवं." जिना उतरताना वर न बघता म्हणाला, "सही केली म्हणजे मी त्याच्याशी बोललो, असं त्याने समजू नये. हेही लिही."

ते लिहिलं आहे.

आज सकाळी वकीलबाईंनी त्याला साक्षीदाराची जबाबदारी वाचून दाखवली: पुढे या कागदावर कोणी शंका घेतली, तर कोर्टात उभं राहून, ज्याला हिस्सा मिळतो त्याच्या बाजूने, सर्वांसमोर बोलावं लागेल. त्यांनी विचारलं, "समजलं ना?" दादा म्हणाला, "मला वाचता येतं." आणि पेन मागितलं.

वकीलबाईंनीच या कागदाची अंमलबजावणी करावी. शेजारच्या शिक्षिकांना साक्षीदार असल्यामुळे मी काही देऊ शकत नाही. त्यांनी माझ्याकडून नेलेली पुस्तकं मात्र कोणी परत मागू नयेत.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खाली दिलेल्या दोघांच्या देखत त्यावर सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

स्थळ: कारखान्याचा माळा.
दिनांक: ज्याने त्याने आपल्या सहीखाली आपल्या हाताने घातला आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारी राहणाऱ्या, धंद्याने शिक्षिका. (सही)

साक्षीदार दुसरे: मृत्युपत्र करणारीचे थोरले बंधू, धंद्याने लाकडी मैदानं घालणारे, कलम ६ मधल्या वारसाचे वडील. (सही)